यंत्र हुशार ठेवा, तरच सईला निवड करावी लागेल

हस्तलिखितासोबत तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कुमारवयीन वाचकांसाठी विज्ञानकादंबरी, घडते कोल्हापुरात, काळ आजपासून वीसेक वर्षांनंतरचा. प्रत्येक मुलाच्या कानामागे ‘निर्णयमित्र’ नावाचं उपकरण. काय खावं, कुणाशी मैत्री करावी, कुठली शाखा घ्यावी हे ते कानात सांगतं. नायिका सई, वय 17, घर राजारामपुरीत, वडिलांचं उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, करण्याचं दुकान. 38 हजार शब्द झाले आणि गाडी रुतली. शेवटी महापुराच्या रात्री सई सर्व्हर फोडते असं ठरवलंय, पण ते खोटं वाटतंय.

खोटं वाटतंय, कारण त्या रात्री सईपुढे निवडच नाही. यंत्र दुष्ट, मालक लबाड, मुलं मेंढरं. असल्या गोष्टीवर हातोडा घालायला धाडस लागतं, पण विचार करावा लागत नाही. निवड तेव्हा होते, जेव्हा दोन्हीकडे काहीतरी हवंसं असतं आणि एक घेतलं की दुसरं जातं. म्हणून पहिली दुरुस्ती यंत्रात करा. ते खरोखर उपयोगी करा. सईच्या आईची साखर त्याच्यामुळे ताब्यात आली असू दे. परीक्षेच्या आदल्या रात्री सईची छाती धडधडते तेव्हा तिला तेच शांत करत असू दे. पहिल्या तीन प्रकरणांत वाचणाऱ्या मुलाला ‘आपल्याकडे पण असतं तर’ असं वाटलं पाहिजे. नाही वाटलं, तर पुढचं सगळं भाषण होतं.

दुसरं काम टेबलावरचं. यंत्राचे नियम एका कागदावर लिहा, एकाच. आवाज कानात जातो कसा? हाडातून कंप पाठवणारा स्पीकर आजही मिळतो, तोच धरा. चार्ज किती तास टिकतो? दहा तास ठरवलेत तर अकराव्या तासाला सई एकटी असते, आणि हे तास तुम्हाला कथेत सोन्यासारखे वापरता येतील. नेटवर्क गेलं तर ते पूर्ण गप्प होतं, की थोडीफार शिदोरी त्याच्याजवळच असते? पैसे कोण भरतं: पालक, शाळा, सरकार, की जाहिरातदार? काय ऐकतं, काय साठवतं, कुणाला देतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय करू शकत नाही? तुमच्या पाचव्या प्रकरणात ते मन वाचतं आणि अकराव्यात त्याला सईचं खोटं कळत नाही. कुमार वाचक अशी चूक लगेच पकडतो, आणि एकदा पकडली की पुढे प्रत्येक पानावर तुमची उलटतपासणी घेतो. माझ्या मते ते मन अजिबात वाचत नसावं. आवाजातला चढउतार, नाडी, जागा, वेळ आणि मागच्या सवयी, एवढ्यावर ते अंदाज बांधतं. अंदाज भयंकर बरोबर येतो म्हणून मुलांना ते मन वाचतं असं वाटतं. गैरसमज मुलांचा राहू द्या, लेखकाचा नको.

संमतीचा मुद्दा तुम्ही हातातून सोडलाय. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती ‘बालक’ आहे. तिची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. काहींना सूट देण्याची सोय मात्र त्याच कायद्यात आहे. तुमचं यंत्र त्या सवलतीतून आत आलं, हे एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. कथेला खरा उपयोग वयाचा आहे. सई 12 वर्षांची असताना वडिलांनी संमती दिली. ती 18 ची होईल त्या दिवशी यंत्राला पहिल्यांदा तिलाच विचारावं लागेल. मग कादंबरी वर्षभर कशाला पसरायची? वाढदिवसाआधीचे शेवटचे 40 दिवस घ्या. सर्व्हर न फोडताही घड्याळ टिकटिकायला लागेल.

आता यंत्र चुकतं कसं, ते. हा भाग सविस्तर सांगतो, कारण तुमच्या हस्तलिखितात यंत्र ‘मुलींच्या विरोधात’ आहे असं दाखवलंय आणि त्याचं कारण कुठेच येत नाही. सईला वडिलांचं काम शिकायचंय, यंत्र तिला पुण्याला फार्मसीला पाठवतंय. का? अशी यंत्रणा सईसारख्या हजारो मुली शोधते, त्यांनी काय निवडलं आणि पाच वर्षांनी त्या किती समाधानी होत्या ते पाहते, आणि त्याप्रमाणे पर्यायांची उतरंड लावते. पॅटर्नच्या दुकानात बसलेली मुलगी यंत्रणेच्या माहितीत जवळजवळ नाहीच. उदाहरण नाही म्हणून गुण कमी, गुण कमी म्हणून पर्याय यादीत सतरावा, सतरावा म्हणून कुणी पाहत नाही, म्हणून पुढच्या वर्षीही उदाहरण नाही. कुणी कट केलेला नाही, कुणी खोटं बोललेलं नाही. हे चक्र सईच्या तोंडून समजावून सांगायला लावू नका. तिला यादी खाली सरकवत सतराव्या ओळीपर्यंत जाऊ द्या आणि तिथं ‘पुरेशी माहिती उपलब्ध नाही’ एवढंच दिसू द्या.

तिचं कामाचं ज्ञानही तितकंच नेमकं हवं. आत्ता तुम्ही ‘तिला लाकडाचा वास आवडायचा’ इथंच थांबलात. बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणून 100 मिलिमीटरचा भाग हवा असेल तर पॅटर्न 101 चा करतात. पोलादाला साधारण दोन टक्के धरतात. पॅटर्न वाळूतून सुटून यावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार देतात, नाहीतर काढताना साचा ढासळतो. सई नुसत्या नजरेनं म्हणते, ‘बाबा, ह्याला श्रिंकेज धरलेलं नाही,’ आणि ती बरोबर असते. हा एक प्रसंग तिची ओढ सिद्ध करतो. यंत्राच्या यादीत हे कौशल्य मोजायला रकानाच नाही, हे मग वाचकाला सांगावंच लागत नाही.

कॉलेजातल्या समीरचं उपकथानक चांगलं आहे, पण त्याचं गणित मांडा. कॉलेज कोण सोडेल याचा अंदाज यंत्र करतं आणि ते ‘90 टक्के अचूक’ आहे असं प्राचार्य अभिमानानं सांगतात. समजा 1000 मुलं आहेत आणि त्यातली 50 खरोखर सोडणार आहेत. यंत्र त्यातली 90 टक्के, म्हणजे 45 पकडतं. उरलेल्या 950 पैकी 10 टक्क्यांवर, म्हणजे 95 जणांवर चुकीचा शिक्का बसतो. यादीत एकूण नावं 140, त्यात खरी 45. म्हणजे शिक्का बसलेल्या दर तिघांतले दोघं मुळात सोडणारच नव्हते. समीर त्या 95 मधला. आता त्याच्याकडे शिक्षक वेगळ्या नजरेनं पाहतात, प्रकल्पाच्या गटात त्याला कुणी घेत नाही, शिष्यवृत्ती ‘टिकणाऱ्या’ मुलाला जाते आणि मार्चमध्ये तो खरंच कॉलेज सोडतो. यंत्राच्या नोंदीत काय पडतं? अंदाज बरोबर. हे गणित कादंबरीत एखाद्या वहीच्या मागच्या पानावर, मुलांच्या अक्षरात येऊ द्या. वाचकाला बेरीज वजाबाकीपलीकडे काही लागत नाही, आणि स्वतः हिशेब केलेल्या मुलाला जो राग येतो तो तुमच्या विशेषणांनी येणार नाही.

इथंच तुमच्या विषयाचा गाभा आहे, आणि कोल्हापूरच्या माणसाला तो पंचगंगेवर उभं राहून दिसतो. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोक्याची. उद्या सकाळी पाणी 43 ला जाईल असं भाकीत केलं, तर नदी ते ऐकून थांबत नाही किंवा घाईही करत नाही. माणूस मात्र ऐकतो आणि बदलतो. चिखलीतला माणूस जनावरं सोडून वर आणतो. म्हणजे नदीबद्दलचं भाकीत आणि माणसाबद्दलचं भाकीत या दोन वेगळ्या जाती आहेत. माणसाला त्याचं भाकीत सांगितलं की ते भाकीत राहतच नाही; ते आमंत्रण होतं, धमकी होते, नाहीतर पैज होते. ‘तू समीरशी बोलणं बंद करशील, शक्यता 91 टक्के’ हे वाक्य सईनं ऐकलं, त्या क्षणापासून ते 91 राहिलेले नाहीत. तुमचं यंत्र खरोखर हुशार असेल तर त्यालाही हे ठाऊक असणार. मग ते काही अंदाज मुद्दाम सांगत नाही. सईनं वाढदिवसाच्या आठवडाभर आधी शोधायचं रहस्य हे असावं: त्यानं मला काय सांगितलं नाही? सर्व्हरच्या खोलीपेक्षा ही खोली कितीतरी अंधारी आहे.

याच्या उलट मोह टाळा. दहाव्या प्रकरणात सई यंत्राला चकवायला आठवडाभर नाणं उडवून निर्णय घेते आणि तुम्ही त्याला ‘स्वातंत्र्याचा आठवडा’ म्हणता. नाण्याच्या हुकमावर चालणारी मुलगी यंत्राच्या हुकमावर चालणारीइतकीच बांधलेली आहे, फक्त मालक अडाणी आहे. प्रकरण ठेवा, नाव बदला. चौथ्या दिवशी छापा पडतो आणि तिला मनातून काटा हवा होता असं कळतं. ती नाणं पुन्हा उडवते. त्या दुसऱ्या उडवण्यात तिला स्वतःबद्दल काहीतरी समजतं. प्रसंग तिथंच तोडा.

मेंदूशास्त्रज्ञाचं प्रकरण, मोकळेपणानं सांगतो, काढून टाका. त्यात तो म्हणतो की 1983 च्या प्रयोगानं इच्छास्वातंत्र्य नसल्याचं सिद्ध केलं. तो प्रयोग मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा. त्यात लोकांनी मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं होतं. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत विद्युत हालचाल सुरू झालेली दिसली, आणि ‘आता हलवावं’ ही जाणीव सुमारे 0.2 सेकंद आधीची नोंदवली गेली. स्वतः लिबेट यांनी शेवटच्या क्षणी नकार देण्याची जागा मोकळी ठेवली होती. 2012 मध्ये आरोन शूर्गर आणि सहकाऱ्यांनी तशाच नोंदींचा वेगळा अर्थ लावला: मेंदूतले यादृच्छिक चढउतार साचत साचत एक उंबरठा ओलांडतात, आणि तोच चढ मागे वळून पाहिलं की तयारीसारखा दिसतो. शिवाय मनगट केव्हा हलवायचं आणि घर सोडून पुण्याला जायचं की नाही, या दोन गोष्टी एका मापानं मोजता येत नाहीत. पात्राला हे सगळं चुकीचं समजलेलं असेल तर चालेल, पण मग त्याला खोडणारं कुणीतरी त्याच प्रसंगात हवं.

निवृत्त गुरुजींचं ‘सक्ती म्हणजे गुलामी’ हे भाषणही तपासा. हे वाक्य कोल्हापुरात उभं राहून म्हणणाऱ्याला उत्तर मिळणारच. 1917 मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पालकावरच्या त्या सक्तीनं पोराला पुढे निवडायला चार वाटा मिळाल्या. हा मुद्दा यंत्राच्या तोंडी द्या. तुमच्या विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद आहे हा. सईला त्याचं उत्तर लगेच सुचू नये, आणि सुचेल तेव्हा ते अर्धवट असावं: शाळा मुलाला सोडून देण्यासाठी धरून ठेवते. यंत्र कधी सोडतं?

आता भाषा. ‘निर्णयमित्र’ हे नाव सरकारी पत्रकात शोभेल. गंगावेशीतली पोरं ते दोन दिवसही तोंडात ठेवणार नाहीत. माझी सूचना: मुलं त्याला ‘वस्ताद’ म्हणतात. तालमीत पोरगं स्वतःला वस्तादाच्या स्वाधीन करतं. किती जोर, किती बैठका, खुराक काय, झोपायचं कधी, सगळं तो ठरवतो, आणि त्याला कुणी गुलामी म्हणत नाही. पण पठ्ठ्या खासबागेच्या कुस्ती मैदानात चीतपट झाला तर मान वस्तादाचीही खाली जाते. कानामागच्या वस्तादाची कधी जात नाही. हा फरक नावातच पेरला की पुढे स्पष्टीकरण लागत नाही. सईच्या आजोबांना तालमीची पार्श्वभूमी दिलीच आहे तुम्ही. त्यांनी एकदाच विचारावं, ‘ह्यो तुझा वस्ताद हरतोय कवा?’

याहून मोठी संधी तुमच्या समोर पडून आहे. कोल्हापूरची मुलगी ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणते. यंत्र प्रमाण मराठी शिकून आलंय. सई म्हणते, ‘मी यालोय’, आणि यंत्राच्या लिखित नोंदीत उमटतं, ‘मी येत आहे’. आईला निरोप ‘मी जेवलो’ असा सांगितलेला, पोचतो ‘मी जेवले’. दुरुस्ती सौजन्यानं होते, लाल रेघसुद्धा येत नाही. प्रकरण दोनमध्ये सई ‘येतो’ म्हणते. सातमध्ये कॉलेजात ‘येते’ आणि घरी ‘येतो’. बारामध्ये घरीही ‘येते’, आणि आई भाकरी थापता थापता क्षणभर थांबते, काही बोलत नाही. किंमत अशीच दाखवायची असते, एका अक्षराची. संपादकानं किंवा मुद्रितशोधकानं हे ‘येतो’ चुकून दुरुस्त करू नये म्हणून हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर सूचना लिहा. हसू नका, दुरुस्त करतात.

बोली मात्र मोजून वापरा. संवादात ‘करालोय’, ‘काय करायलईस’, ‘चालतंय की’ ठीक. प्रत्येक ओळीत ‘भावा’ आणि ‘नाद खुळा’ आलं की ते गाव राहत नाही, रिक्षाच्या मागची पाटी होते. निवेदन साधं प्रमाण ठेवा, बोली तोंडात ठेवा. आजी, सई आणि राजारामपुरीतले डॉक्टर एकसारखं बोलणार नाहीत, हे तर उघडच.

शेवटाकडे येतो. महापूर ठेवा, पण तो फुकट मिळालेला गोंधळ म्हणून वापरू नका. 2019 मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता आणि उपसा केंद्रं पाण्यात गेल्यानं चहूकडे पाणी असताना नळ कोरडे होते. वाचक हे पाहिलेला किंवा घरात ऐकलेला आहे. त्याला ढोबळ वर्णन चालणार नाही. क्रम असा ठेवा. राधानगरी भरतं. तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक उंचीला आलं की आपले आपण उघडतात, बटण दाबायला माणूस लागत नाही. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत येतं. आधी एक, मग आणखी एक, मग आणखी. ते पाणी खाली पोचायला तास लागतात, तेच तुमच्या प्रसंगाचे तास. आजीचं घर चिखलीला, संगमाजवळ. आजी म्हैस सोडून यायला तयार नाही, आणि ती भ्रमिष्ट नाही, सगळं समजून नाही म्हणते. वस्तादाचा पाण्याचा अंदाज बरोबर आहे, हे सईला माहीत आहे. मग वस्ताद सुचवतो: मुंबईतल्या मामाच्या आवाजात मी आजीला फोन करतो, ‘मी रस्त्यावर अडकलोय, मला घ्यायला ये’ म्हणतो, ती बाहेर पडेल, शक्यता 94 टक्के.

ही आहे निवड. आजीचा जीव एका बाजूला, आजीचा शब्द दुसऱ्या बाजूला, आणि फोन लावायचा की नाही हे सईच्या एका ‘हो’वर. दोन्हीकडे प्रेमच आहे. ती हो म्हणाली तर आजी जगेल आणि कधीतरी तिला कळेल. नाही म्हणाली तर पाण्यातून जाऊन म्हशीसकट आणायचा प्रयत्न करावा लागेल, आणि तो फसू शकतो. काय होतं ते तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही. पण दोन अटी पाळा. एक, यंत्र त्या क्षणी बंद पडता कामा नये. चार्ज संपला, टॉवर गेला, असं काही झालं तर निवड पुन्हा तुमच्या हातात गेली, सईच्या नाही. दुसरी, ती जे निवडेल त्याचं नुकसान पानावर दिसलं पाहिजे. म्हैस वाचली, आजी वाचली, यंत्रही सुधारलं, असा सणासुदीचा शेवट करू नका. वाढदिवस या रात्रीनंतर तीन दिवसांनी ठेवा. यंत्र विचारतं, ‘पुढे चालू ठेवायचं?’ उत्तर छापू नका असं पुष्कळजण सुचवतील. मी म्हणेन, छापा. एवढं सगळं वाचलेल्या मुलाला उत्तर मिळायला हवं.

बाकी फुटकळ. कंपनीच्या मालकाचं सहा पानी भाषण काढा. त्याच्याजागी तक्रार नोंदवून घेणारी एक दमलेली, सज्जन कर्मचारी ठेवा, ती जास्त अस्वस्थ करते. सईचा मेंदू ‘वेगळा’ असल्यानं यंत्राला तो वाचता येत नाही, ही कल्पना पूर्ण खोडा, कारण मग साध्या मुलांनी काय करायचं? प्रेमाचा धागा आहे तसा ठीक आहे. एकूण लांबी 50 हजार शब्दांच्या आसपास, प्रकरण 1800 ते 2500 शब्दांचं. तुमचं नववं प्रकरण 5200 चं आहे आणि गाडी तिथंच रुतली आहे. त्यात तीन जण खोलीत बसून तंत्रज्ञानावर चर्चा करतात. त्यातली दोन वाक्यं समीरला द्या, बाकी जाऊ द्या.

पुनर्लेखन आजीच्या फोनच्या प्रकरणापासून सुरू करा. ते उभं राहिलं की मागे काय काय पेरायचं ते आपोआप दिसेल: मामाचा आवाज यंत्राकडे आला कुठून, आजीनं आधी कधी फसवणूक सोसली आहे का, म्हशीचं नाव काय. मग पहिली तीन प्रकरणं छापून 14 ते 16 वयाच्या चार मुलांना द्या. ओळखीतली नकोत, ती गोड बोलतात. ‘आवडलं का?’ विचारू नका. पेन्सिल द्या आणि जिथं मोबाइल हातात घ्यावासा वाटला तिथं खूण करायला सांगा. दोघांची खूण एकाच पानावर पडली तर ते पान पुन्हा लिहा.